ड्रायव्हरच्या दाराचं रबर

वसंतरावांना संशय येत नसे. संशय त्यांच्या घरी राहायलाच होता. वीज कंपनीच्या भरारी पथकात नोकरी केलेला माणूस. एखाद्या घरातलं मीटर इतकं संथ का फिरतं, धाड पडल्यावर म्हातारी पलंगावरून का उठत नाही, पलंगाखाली वायर तर नाही ना, हे शोधण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर पथक सुटलं, पण भरारी काही सुटली नाही. दूधवाल्याचं माप, पेपरवाल्याची दांडी, गॅसच्या सिलिंडरचं सील, सगळ्यांवर साहेबांची नजर. यमुताई तर लोणच्याच्या बरणीच्या फडक्याला मुद्दाम कधी सुलटी, कधी उलटी गाठ मारत. तेवढाच नवऱ्याला दिवसभर उद्योग.

त्यांच्या वडिलांची, महादेवरावांची, जुनी फियाट होती. मनीषनगरातल्या घराचं गेट अरुंद, त्यामुळे गाडी बाहेरच, कंपाउंडच्या भिंतीला लागून टिनाच्या शेडखाली उभी असे. वसंतराव दर रविवारी ती सुरू करत, चौकापर्यंत नेऊन आणत आणि आल्यावर टायरभोवतीची धूळ बघत, की आपल्याखेरीज कोणी हलवली तर नाही.

गणपती उठले त्या आठवड्यात त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि दाराच्या पोटात पाणी डचमळलं. त्यांनी दार पुन्हा हलवलं. पुन्हा डचमळलं.

"यमू, बाहेर ये!"

यमुताई हाताचं पीठ झटकत आल्या. "काय झालं?"

"ऐक." वसंतरावांनी दार हलवून दाखवलं.

"पावसाचं गेलं असंल."

"बाकीच्या तीन दारांत काहून नाही गेलं मग?"

यमुताईंची पोळी तव्यावर होती. त्या आत गेल्या. वसंतराव खाली वाकले. काच दारात उतरते तिथे बाहेरून रबराची एक पट्टी असते, काचेला घासून बसणारी. पाणी आणि धूळ अडवणं हेच तिचं काम. नागपूरच्या मे महिन्यात कुठल्याही रबराचा पापड होतो, हे त्यांना कळत होतं. चारही दारांची रबरं कडक झालीच होती. पण याच एका दाराचं रबर कुलपाजवळ बाहेरच्या अंगाने उचललेलं होतं, आणि काचेवर तिथेच बारीक उभे ओरखडे होते. ऊन रबराला भेगा पाडतं, बोट घालून उचलत नाही.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं. मागच्या दिवाळीआधी गाडी धुताना त्यांनी हेच पाहिलं होतं, त्याच्या आदल्या दिवाळीलाही. त्या आदल्या वेळी त्यांनी रबर दाबून वरून टेप मारली होती. मागच्या वेळी ती टेप फाटलेली होती.

वसंतरावांच्या मनात एकच नाव आलं. खरं म्हणजे ते नाव मनातून कधी गेलंच नव्हतं.

सुमंत त्यांचा धाकटा भाऊ. महालात राहायचा, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. कॉलेजात असताना एकदा तो बाबांची गाडी घेऊन सिनेमाला गेला आणि किल्ली आतच विसरला. तेव्हा त्याने कुठूनशी स्टीलची फूटपट्टी मागून आणली, काच आणि रबर यांच्या मधून आत सरकवली, दोनदा खालीवर केली आणि दार उघडलं. बाबांनी त्याला आधी रागावलं आणि मग येईल त्या पाहुण्याला कौतुकाने ती गोष्ट सांगितली. ही कला घराण्यात एकालाच येत होती.

बाबा आजारी होते त्या वर्षी सुमंतने गाडी सर्व्हिसिंगला नेली आणि परत आणली तेव्हा आत दुसराच कार्बोरेटर होता. वसंतरावांच्या नजरेतून तो सुटणार थोडाच! पुढे बाबा गेले. तेरवीच्या पंगतीत, साऱ्या सोयऱ्यांसमोर वसंतराव बोलून बसले, "याने बाबा जिवंत असतानाच गाडीचं ओरिजिनल सामान विकून खाल्लं." सुमंतने ताटात हात धुतले. "दादा, तुझ्या उंबऱ्यात आता पाय ठेवला तर बाबाचा पोरगा नाही," एवढं म्हणाला आणि गेला. तेव्हापासून येणं नाही, जाणं नाही, फोन नाही. आता तो गाडीवर हक्क सांगणार, नाहीतर गुपचूप राहिलंसाहिलं सामान काढून नेणार, असं वसंतरावांनी ठरवूनच टाकलं होतं. पुरावा तेवढा हाती लागायचा होता.

साक्षीदार समोरच्या घरात निघाली. शोभाताई संध्याकाळी भाजीवाल्यापाशी उभ्या होत्या.

"भाऊजी, तुमचे भाऊ येतात वाटते आजकाल?"

वसंतरावांचे कान टवकारले. "कोण भाऊ?"

"मास्तर हो, महालातले. मागच्या वर्षी दिसले ना मले. तुमच्या गाडीपाशी वाकून काहीतरी करून राहिले होते. तुम्ही दोघं घरी नव्हते. मी हाक मारली तर गडबडीनं स्कूटरवर बसले अन् गेले."

"कोणत्या दिवशी?"

"आता दिवस कुठं आठवते हो! सणाचे दिवस होते. मी दारात रांगोळी काढून राहिली होती."

वसंतरावांना दिवसाची गरज नव्हती. आपण घरात नसताना आला, गाडीशी वाकला, हाक मारताच पळाला. एवढ्यावर त्यांनी नोकरीत मोठमोठे कारखानदार धरले होते. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "ठाण्यात तक्रार देतो मी सुमंतच्या नावानं."

यमुताई भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. "एकदा ठाण्यात नाव गेलं का भाऊ संपला, समजलं का? आज रुसलेला आहे. रुसलेलं माणूस कधीतरी वापस येते. ज्याच्या दारात पोलीस धाडले, ते नाही येत."

"चोराले भाऊ म्हणू का मग?"

"तुम्ही लोकाइचे मीटर पकडले, ठीक आहे. घरातल्याइले काहून मीटर लावता?"

पालथ्या घड्यावर पाणी. पण वसंतरावही पुराव्याशिवाय पाऊल टाकणारे नव्हते. पंचनामा आधी, तक्रार मागून. दाराचा आतला पुठ्ठा काढून पाहिलं तर कुलपाच्या सळीवर फूटपट्टीच्या खुणा सापडणारच. रबरं तशीही बदलायची होती. एका दगडात दोन पक्षी.

बेसा रोडवर धम्मदीपचं गॅरेज होतं. जुन्या गाड्या तोच करायचा. त्याने चारही दारांची रबरं आणि काच ज्यातून खालीवर होते ती मखमली अस्तराची पट्टी, सगळं मुंबईहून मागवलं. सामान आलं ते नेमकं पितृपक्षात. यमुताईंनी नवी वस्तू लावू दिली नाही. त्यामुळे गाडी गॅरेजला गेली ती नवरात्रात.

जाण्याआधी वसंतरावांनी यमुताईंची नेलपॉलिश घेऊन चारही काचांच्या कोपऱ्यात, हँडलांमागे आणि आरशावर बारीक ठिपके दिले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि वसंतराव तर पाणीसुद्धा फुंकून पीत.

"काका, दसऱ्याच्या आधी देऊन टाकतो गाडी," धम्मदीप म्हणाला. "दसऱ्याले गॅरेज बंद राहते. दीक्षाभूमीवर आमचा पाण्याचा स्टॉल असते."

"मी इथंच बसतो," वसंतराव स्टूल ओढत म्हणाले.

"बसा ना. चहा सांगू?"

चहाचं आमिष दाखवून लक्ष दुसरीकडे वळवणारे त्यांनी खूप पाहिले होते. "नको," ते म्हणाले, आणि अर्ध्या तासाने स्वतःच मागितला.

धम्मदीपने मागच्या दारांपासून सुरुवात केली. काच खाली घेतली, काच फिरवायचं हँडल काढलं, दाराचा आतला पुठ्ठा सोडवला. जुनं रबर हातात येताच त्याचे तुकडे पडले. वसंतरावांनी दरवेळी आत डोकावून पाहिलं. मागची दोन्ही दारं आतून धुळकट होती, पण कोरडी. डाव्या बाजूचं पुढचंही तसंच. नव्या रबरांना साबणाचं पाणी लावून धम्मदीप ती खाचेत बसवत गेला आणि प्रत्येक दारापाशी तोंडाने एकच गाणं अर्धवट गुणगुणत राहिला. वसंतरावांना त्या गाण्याचाही संशय आला, पण काय म्हणून ते ठरेना.

मग ड्रायव्हरचं दार आलं.

"थांब गा," वसंतराव उठले. "हे माझ्यासमोर उघड. सळीले हात लावू नको, मले खुणा पाहू दे."

"कायच्या खुणा?"

"तू उघड."

पुठ्ठा निघाला आणि कुजल्याचा भपकारा आला. वसंतरावांनी मोबाइलचा टॉर्च आधी कुलपाच्या सळीवर मारला. सळीवर गंज होता, जुनं ग्रीस होतं, जाळं होतं. खूण एकही नव्हती. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नव्हती.

"काका, हे पाहा," धम्मदीप खाली वाकून बघत होता. दाराच्या तळाला काळा लगदा साचला होता, वर पाणी. "दाराले खाली छिद्रं असतात, पाणी निघून जायले. ते बुजले सगळे. म्हणून वाजून राहिलं होतं. उंदरानं घर केलं वाटते."

त्याने हात घालून लगदा ओंजळीने बाहेर काढला आणि वर्तमानपत्रावर टाकला. खालचा भाग चिखलच होता. मधला कुजून काळा पडलेला पाला होता. आणि सर्वांत वरची काही पानं अजून शाबूत होती, वाळून तपकिरी झालेली, दोन पाकळ्या जोडाव्यात तशी. एकावर वाळलेलं कुंकू चिकटलेलं होतं.

धम्मदीपने ते पान उजेडात धरलं. "हे तर आपट्याचं आहे ना? तुमच्या दसऱ्याचं सोनं. गाडीच्या दारात कोण टाकते बाप्पा हे?"

वसंतराव स्टुलावर बसले.

महादेवरावांचा नियम होता. सीमोल्लंघन करून आलं की पहिलं सोनं देवाला, दुसरं आईबापाला, आणि मग धाकट्याने थोरल्याला द्यायचं, पाया पडायचं. त्याशिवाय कोणाचं पान वाढलं जात नसे. एका दसऱ्याला दोघांचं कशावरून तरी भांडण झालेलं, सुमंत दहा-अकरा वर्षांचा असेल. तो सोनं द्यायला तयार होईना. बाबांनी त्याला उपाशी ठेवलं. शेवटी पोराने पान आणलं आणि वसंतच्या हातात न देता उशाखाली ठेवून पळून गेला. बाबा म्हणाले होते, "दिलं ना? बस, दिलं."

वसंतरावांनी धम्मदीपच्या हातातून ते पान घेतलं. दर दसऱ्याला संध्याकाळी ते आणि यमुताई सोनं वाटायला बाहेर पडत. घराला कुलूप असे. उंबऱ्यात पाय न ठेवायची शपथ घेतलेला माणूस त्या वेळी आला, तर त्याने पान ठेवायचं तरी कुठे?

पण माणसाचा स्वभाव एका पानाने बदलत नाही. लगेच वसंतरावांच्या डोक्यात दुसरा दिवा लागला. पान सापडलं म्हणजे पान सापडलं. टाकणारा कुठे सापडला? शोभाताईंनी सुमंतला पाहिलं, पण दिवस कुठे सांगितला? आणि ही यमू. तिला दोघांचं जमवायचंच आहे. तिनेच हा पाला आत कोंबला नसेल कशावरून? तक्रारीचं बोललो तेव्हा कशी त्याची बाजू घेत होती!

त्यांनी तिथूनच फोन लावला. "यमू, तू गाडीच्या दारात सोनं टाकलं का?"

"कायच्या दारात? सोनं? माझ्या पाटल्या तर माझ्या हातात आहेत. तुम्ही ठीक आहे ना?"

त्यांनी फोन ठेवला. बाई एकतर निर्दोष होती, नाहीतर फार तयारीची.

धम्मदीपने तोवर छिद्रं मोकळी केली, दार आतून पुसून कोरडं केलं, गंज घासला, रंगाचा हात मारला. मग नवं रबर बसवलं. काच वर घेतली आणि वर्तमानपत्राचा एक कपटा काचेच्या आणि रबराच्या मध्ये घालून पाहिला. कागद आत जाईचना, दुमडला.

"झालं," तो खूश होऊन म्हणाला. "आता पाण्याचा थेंब नाही जात."

"पान?"

"काय?"

"पान जाईल का आत?"

"कसं जाईल? त्यासाठीच तर लावलं ना."

वसंतराव घुटमळले. "या दाराचं जरा ढिलं नाही ठेवता येत का?"

धम्मदीपने त्यांच्याकडे नीट पाहिलं. सकाळपासून हा माणूस आपल्यावर डोळे लावून बसला आहे आणि आता नव्या रबराला ढिलं करायला सांगतो आहे. आता संशय यायची पाळी त्याची होती. "काका, ढिलं पाहिजे होतं तर जुनं काय वाईट होतं?"

वसंतराव वाकून वर्तमानपत्रावरची शाबूत पानं वेचू लागले. ते पानं रुमालात बांधून घरी आले आणि रुमाल कपाटात ठेवला. तक्रारीचं त्यांनी यमुताईंपाशी पुन्हा नाव काढलं नाही, पण सोडूनही दिलं नाही. दसऱ्याला खरं काय ते कळणार होतं. पान घेऊन कोणी आलं तर एक गोष्ट. कोणीच आलं नाही, किंवा कोणी दार उघडायला आलं, तर ठाणं काही दूर नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवून चिरडली. संध्याकाळी वसंतराव गुडघा धरून बसले.

"तू जाऊन ये यमू. माझा गुडघा धरला आज."

"सकाळी तर चाकांखाली लिंबं ठेवत होते चारही कोपऱ्यात."

"त्यानंच धरला."

यमुताई पानांची पिशवी घेऊन एकट्या गेल्या. वसंतरावांनी घराला बाहेरून कुलूप लावलं, गाडीचं मागचं दार उघडलं, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर अंग चोरून बसले आणि चारही काचा वर करून घेतल्या. नव्या रबरांनी गाडी अशी बंद झाली की रस्त्यावरचे फटाकेही लांबून वाजल्यासारखे येऊ लागले. आत गरम होत होतं. झेंडूचा वास कोंडला होता. धाडीच्या आधी जीपमध्ये बसून असत तेव्हा छातीत जे व्हायचं, ते आता होत होतं. फक्त या वेळी आपल्याला काय सापडायला हवं आहे, ते त्यांना स्वतःशीही कबूल करवत नव्हतं.

अंधारून आलं तेव्हा स्कूटर थांबली, जरा लांबच. एक माणूस घराकडे बघत उभा राहिला. कुलूप दिसल्यावर पुढे आला. चालणं ओळखीचं होतं, पण मधल्या वर्षांत त्यात एक लंगडेपणा आला होता, तो वसंतरावांना माहीत नव्हता. सुमंतच होता. केस पार पिकले होते.

तो ड्रायव्हरच्या दाराशी आला आणि वाकला. खिशातून काहीतरी काढून त्याने काचेच्या कडेला धरलं. ते आत जाईना. त्याने पुढच्या टोकाला करून पाहिलं, मागच्या टोकाला करून पाहिलं. मग तो स्कूटरपाशी परत गेला, डिकी उघडली, आणि वळला तेव्हा त्याच्या हातात स्टीलची फूटपट्टी चमकली.

वसंतरावांचा हात दाराच्या हँडलवर गेला. इतकी वर्षं मनात जे चित्र रंगवलं होतं, ते काचेपलीकडे तंतोतंत उभं होतं. तोच माणूस, तीच फूटपट्टी, तीच फट. धर, आत्ताच धर, रंगेहाथ! पथकाचं सगळं रक्त उसळून आलं.

सुमंतने फूटपट्टीच्या टोकाने रबर हळूच बाजूला दाबलं आणि दुसऱ्या हाताने आपट्याचं पान त्या फटीत सरकवायला लागला. पान मुडपलं आणि खाली पडलं. तो कण्हत वाकला, पान उचललं, सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा लावलं. नवं रबर दाद देईना. जोर लावला तर ते फाटलं असतं. तेवढा जोर त्याने लावला नाही. त्याने फूटपट्टी काखेत धरली. मग त्याने ते पान काचेला टेकवलं, गाडीला नमस्कार केला आणि पान तसंच मुठीत घेऊन परत निघाला.

वसंतरावांनी मागची काच घाईघाईने खाली फिरवली.

"सुमंत!"

सुमंत दचकून मागे सरला. फूटपट्टी खणकन रस्त्यावर पडली. "दादा? मी... मी उंबऱ्यात पाय नाही ठेवला हं."

"मी कुठं म्हटलं ठेवला म्हणून?"

समोर शोभाताईंच्या दारात कोणीतरी फुलबाजी पेटवली.

"रबर बदललं वाटते," सुमंत शेवटी म्हणाला.

"हो."

"काहून?"

"चोर येऊन राहिला होता दरवर्षी," वसंतराव म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "भरल्या ताटावरून उठून गेला तो चोर, वर्षानुवर्षं येऊन राहिला होता, अन् मी हराम... मी ठाण्यात चाललो होतो त्याले धरायले."

सुमंतला सगळं कळलं की नाही कोण जाणे. त्याने मान खाली घातली. कार्बोरेटरचं काय झालं होतं, हा प्रश्न वसंतरावांच्या अगदी जिभेवर येऊन बसला. स्वभावाला औषध नसतं. त्यांनी तो प्रश्न कसाबसा गिळला, आणि खिडकीतून हात बाहेर काढून तळवा पसरला.

"गाडीले उंबरा नसते रे. दे इकडे."

सुमंतने मूठ उघडली. चोळामोळा झालेलं पान त्याने भावाच्या हातावर ठेवलं. पाया पडायला वाकला, तर मध्ये दार होतं. म्हणून त्याने खिडकीतल्या त्या हातालाच डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

यमुताई परत आल्या तेव्हा घराला कुलूप होतं, रस्त्यावर एक फूटपट्टी पडलेली होती, आणि शेडखाली फियाटमध्ये दोन म्हातारे पुढच्या सीटवर बसलेले होते. गाडीच्या चारही काचा खाली होत्या.